मोठी अक्षरं

“उषाताई, आता तुमचा स्क्रीन शेअर करा,” मृण्मयी मॅडम म्हणाल्या, आणि नांदे गावच्या अंगणवाडीत सतरंजीवर बसलेल्या उषाने फोन मांडीवर पालथा घातला.

मागच्या दोन बैठकांत ती यातून सुटली होती. एकदा रेंज नाही म्हणाली, एकदा बॅटरी उतरली म्हणाली. मृण्मयी मॅडम पर्यवेक्षिका होऊन वर्षच झालं होतं. महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत प्रत्येक सेविकेने आपला फोन सगळ्यांना दाखवायचा, मुलांची वजनं अ‍ॅपमध्ये कशी भरलीत ते एकेक नाव सरकवत दाखवायचं, अशी त्यांची पद्धत होती.

उषाला भीती अ‍ॅपची नव्हती. साखरेच्या आजाराने तिच्या डोळ्यांच्या पडद्याला धरलं होतं. आठ-नऊ महिन्यांपासून बघेल त्याच्या मधोमध धुरकट डाग यायचा. हिंजवडीच्या मोबाईलवाल्याकडून तिने फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून आणली होती आणि फोन नाकाशी धरून काम रेटत होती. घरीसुद्धा कुणाला बोलली नव्हती. एकदा दिसत नाही म्हटलं की लोक घरी बसवतील. अठ्ठावीस वर्षं झाली होती या खोलीत. तिने अक्षरं गिरवायला बसवलेल्या मुली आता आपली मुलं घेऊन यायच्या.

मदतनीस रंभाबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. आता पळवाट नव्हती. उषाने फोन सुलटा केला आणि बटण दाबलं.

सगळ्यांच्या फोनवर तिचा स्क्रीन उमटला. एकेक अक्षर काडेपेटीएवढं. एक नाव आणि एक आकडा, एवढ्यातच स्क्रीन भरून गेला होता. कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी विचारलं, अक्षरं एवढी मोठी का केलीत? चुकून हात लागला असंल, हे उत्तर उषाच्या जिभेवर आलं होतं.

“मॅडम, मला बारीक दिसत न्हाई,” ती म्हणाली. “लई महिने झालं.”

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, हळूहळू सरकवा. उषा सरकवत गेली. पंधरा-सोळा नावं झाली असतील, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. खाली लाल पट्टी कसली, म्हणून विचारलं. मूल होतं किमया, वय चौदा महिने. मागच्या महिन्यात वजन नऊ किलो, या महिन्यात सहा किलो दोनशे. वजन घटलं की अ‍ॅप अशी पट्टी दाखवायचं, पण अक्षरं मोठी असल्यामुळे ती स्क्रीनच्या खाली राहिली होती आणि उषा तिथवर कधी गेलीच नव्हती.

एक तर पोरीचं महिन्यात तीन किलो वजन उतरलं होतं, नाहीतर तिने काट्यावरचा नऊचा आकडा सहा वाचला होता. झोळीत तिनेच ठेवलं होतं पोरीला. हाताला हलकी लागली नव्हती. पण मागच्या आठवड्यात तिला खोकला होता, हेही आठवलं. आणि हा आकडा चुकला असेल, तर बाकीच्या चाळीस मुलांचं काय?

“आत्ताच जा,” मॅडम म्हणाल्या. “आणि आकडा दुसऱ्या कुणालातरी वाचू द्या.”

काटा रंभाबाईंनी घेतला, झोळी उषाने. गावातल्या हैबतरावांनी शेतात बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत किमयाची आई दिशा राहायची. नांदेडकडची. नवरा हिंजवडीत कंपनीत. सहज आलोय म्हणता आलं असतं. पण उषाने दारातच सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा.

दिशाचा चेहरा उतरला. “म्हणजे आकडा चुकलाय, की ती खरंच एवढी उतरलीय?”

“तेच बघाया आलोय. आज तुमीच वाचा.”

काटा दाराच्या वरच्या हुकाला अडकवला. झोळीत पोरगी पाय झाडायला लागली, आकडे स्थिर होईनात. उषाने काट्याकडे पाहिलं नाही. ती पोरीच्या पोटऱ्यांकडे बघत होती.

“नऊ,” दिशा म्हणाली. “नऊ किलो तीनशे.” मग पुन्हा जवळ जाऊन वाचलं. तेच.

रंभाबाईंनीही वाकून पाहिलं. “नऊच हाय ताई. सहा न्हाई.”

उषा उंबऱ्यावरच बसली. दिशाने पोरीला छातीशी घेतलं, डोळे पुसले आणि आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. रागावली नाही, पण डोळे दाखवल्याशिवाय राहू नका, असं बजावून सांगितलं.

मॅडमना फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी सोडलेला सुस्कारा उषाला स्पष्ट ऐकू आला. मग त्या म्हणाल्या की बैठक संपल्यावर सहा जणींनी त्यांना फोन केला होता, अक्षरं मोठी कशी करायची ते विचारायला. त्या आठवड्यात रंभाबाईंनी आकडे वाचले आणि सगळ्या मुलांची वजनं पुन्हा झाली. दोघा मुलांच्या आकड्यांत थोडा फरक निघाला, काळजीचं काही नव्हतं. उषाचं काम तिच्याकडेच राहिलं. काटा वाचायचं तेवढं रंभाबाईंकडे गेलं.

पुण्याच्या दवाखान्यात डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. टिकेल हा शब्द घेऊन ती एसटीने घरी आली आणि त्या रात्री खूप दिवसांनी गाढ झोपली.

आता वजनाच्या दिवशी रंभाबाई आकडा एवढ्या मोठ्याने सांगतात की शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वळवते. उषा काट्याकडे बघतच नाही. बाळाला झोळीत ठेवते, झोळीला न टेकवता दोन्ही तळवे खाली धरून उभी राहते, आणि आकडा येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहते.