पाठीचं दुखणं

आमच्या ह्यांच्या पाठीला काहीसुद्धा झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अख्ख्या गल्लीला उलटंच माहीत आहे.

हे शिंपी. कापडावर खडूने आखायचे आणि सरळ कात्री चालवायचे, दुसऱ्यांदा बघायचेसुद्धा नाहीत. हल्ली आखतात, पुसतात, पुन्हा आखतात आणि कापड तसंच टेबलावर पडून राहतं. जेवण नाही, झोप नाही, बोलणं तर नाहीच. गिऱ्हाइकं विचारायला लागली तेव्हा सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं, "पाठ धरलीय त्याची." झालं! कुणी तेल आणून दिलं, कुणी पट्टा. हेही गुमान पट्टा बांधून दुकानात बसायला लागले. मी कपाळावर हात मारून घेतला.

हातापाया पडून ह्यांना मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी मायेने विचारलं, "काय होतंय?" तर हे म्हणतात, "पाठ दुखते." मी शेजारी बसलेली! मी तोंड उघडलं, तर ह्यांनी टेबलाखाली माझा हात असा आवळला की मी गप्पच बसले. बाई म्हणाल्या, "सांगावंसं वाटेल तेव्हा या." घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. राग होताच, पण भीती त्याहून जास्त होती. हा माणूस असाच आतल्या आत संपला तर लोकांना काय सांगू, पाठीने गेला?

काल समोरचा इस्त्रीवाला बाह्या सरसावून, तेलाची बाटली घेऊन दुकानात हजर. "काका, शर्ट काढा. असं चोळून देतो, उद्या उड्या माराल."

"चोळ बाबा, चांगलं रगडून चोळ," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आता ओरडणार, तेवढ्यात ह्यांनी पट्टा सोडून टेबलावर टाकला.

"पाठ ठणठणीत आहे," हे म्हणाले. "सकाळी उठावंसंच वाटत नाही मला. जगावंसं वाटत नाही. त्या डॉक्टरीणबाईंकडे परत न्या मला कुणीतरी."

इस्त्रीवाल्याने बाटलीला झाकण लावलं. सासूबाई उसळल्या, "अरे, मग आईला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, पाठ असेल."

सासूबाई स्टुलावरून उठल्या. चपला शोधायला लागल्या. एक काही सापडेना, तर माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलीस? दुकान बंद कर. मी पण येते."