गवतातून धावत येणारा

तिने लॅपटॉप मास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि पडद्याचा उजेड पुरता वाढवला.

"दिसतंय का?"

"हलतंय तेवढं दिसतंय," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांनी केव्हाच दगा दिला होता.

सिनेमा तीस वर्षांपूर्वीचा. आठ वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा, एवढीच गोष्ट. चार दिवसांत तो थिएटरांतून उतरला. ज्या मोजक्यांनी पाहिला, ते डोळे पुसत बाहेर आले. ती मुलगी म्हणजे हीच. सेटवर सगळे तिला बेबी म्हणत. मास्तर सिनेमांसाठी जनावरं शिकवायचे; हा कुत्राही त्यांनी स्वतः शिकवलेला, भुऱ्या. एकवीस दिवस तो आणि बेबी एकमेकांची पाठ सोडत नव्हते.

शेवटचा प्रसंग लागला. हरवलेला कुत्रा गवतातून धावत येतो, मुलगी त्याला मिठी मारून ओक्साबोक्शी रडते. मास्तरांनी मान वळवली.

तो भुऱ्या नव्हता. आदल्या दिवशी नदीतला प्रसंग तीन वेळा घेऊन झाला होता. भुऱ्याचे पाय लटपटत होते, ते मास्तरांना दिसत होतं. "आणखी एकदाच," दिग्दर्शक म्हणाले. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि भुऱ्या निमूट पाण्यात शिरला. तो जिवंत बाहेर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचा दुसरा कुत्रा उभा केला. पोरीला कुणी काही बोलायचं नाही, असं ठरलं.

मास्तरांनी घसा खाकरला. "बेबी, तुला एक सांगायचं राहून गेलंय."

"तो भुऱ्या नव्हता, हेच ना?"

मास्तरांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मिठी मारली तेव्हाच कळलं. त्याने मला ओळखलंच नाही. माझ्या मुठीतल्या बिस्किटाकडे बघत होता नुसता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडे बघितलं होतं मी. तुम्ही मान खाली घातलीत. नंतर सगळे म्हणाले, काय रडली पोरगी. मग जन्मभर मला रडायचीच कामं मिळाली."

तिने लॅपटॉप मिटला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"कुठे पुरलंत भुऱ्याला?"

पुरलं नव्हतं. सामानाच्या ट्रकमध्ये कुणीतरी त्याला टाकलं आणि ट्रक निघून गेला. त्या वेळी मास्तर नव्या कुत्र्याला बेबीकडे धावायला शिकवत होते.

"नदीजवळच," ते म्हणाले. "झाडाखाली."

"कुठल्या?"

"मोठं होतं. वाकलेलं."

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, मग वहीची पानं उलटल्याचा.

"पाण्याच्या बाजूला की रस्त्याच्या?"

मास्तरांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबले.

"रस्त्याच्या," ते म्हणाले. "पाण्यापासून लांब."

ती लिहून घेऊ लागली.