जिथे कुणी मरत नव्हतं

नव्या रुग्णालयाच्या फाटकापासून निघालेली रांग औषधांच्या दुकानालाही वळसा घालून पुढे गेली होती. साथ ऐन भरात होती. जुन्या सरकारी रुग्णालयातून रोज कुणी ना कुणी पांढऱ्या कापडात बाहेर पडत होतं. आणि इथे म्हणे अजून एकही माणूस दगावला नव्हता. फाटकावर तसा फलकच टांगलेला होता, 'मृत्यू शून्य', आणि खाली ते रुग्णालय चालवणाऱ्या श्वासमहाराजांचा हसरा फोटो.

माझा थोरला भाऊ जुन्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळीवर होता. दादाला इथे हलवायचं वहिनीनं ठरवलं होतं. संध्याकाळी रुग्णवाहिका येणार होती. आधी मी बघून येतो म्हटलं, तर म्हणाली, "कीर्तनात माना डोलावताना कुठे जाते हो भाऊजी तुमची ही चौकशी?" देव मीही मानतो. म्हणून तर त्याच्या नावावर दुकान थाटलेलं दिसलं की माल हाताळून बघावासा वाटतो.

फाटकातच सगळ्यांना हात धुवायला लावत होते. साथीचे दिवस, हात धुवायला नको कोण म्हणणार? पाणी मात्र असं गार, की बोटं बधिर झाली. पुढे बसायची खोली, तिथे एसी इतका की दात वाजावेत. बराच वेळ ताटकळवल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. मी चांगला धडधाकट माणूस, आणि रक्तातला ऑक्सिजन इतका कमी!

महाराजांनी माझे हात आपल्या जाड शालीखाली ओढून घेतले. आत चांगलीच ऊब होती. ती तपाची ऊब, असं शेजारच्या सेवकानं सांगितलं. प्राण हा आभाळाचा पाहुणा आहे, त्याला ओढायचं नसतं, प्रेमानं बोलवायचं असतं, असं बरंच काही महाराज बोलत राहिले. मधूनमधून नाकानं भात्यासारखा आवाज काढत. पुन्हा यंत्र लावलं. सत्त्याण्णव. मागच्या बाईनं हात जोडले. माझेही जुळले.

माझ्यानंतर चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा होते. त्यांचा आकडा काही केल्या हलेना. महाराजांनी सुस्कारा टाकला, श्रद्धा कमी पडते म्हणाले, आणि सेवकानं खुर्ची मागच्या दारानं बाहेर काढली. आजोबांची लेक विनवण्या करत मागे धावली.

मी जुन्या रुग्णालयात परतलो तेव्हा वहिनी पिशव्या भरत होती. दादाला धड बोलवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरबाई तिला समजावत होत्या, की नळी काढून याला जिन्यापर्यंत न्यायचीसुद्धा सोय नाही.

"मग इथे ठेवून काय करू? मरायची वाट बघू?" वहिनी म्हणाली.

मी माझ्या आकड्याचं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, हात गार होते का. मग औषधांच्या पेटीतला बर्फ काढून माझ्या मुठीत दिला. हात पुरता बधिर झाल्यावर यंत्र लावलं, आकडा घसरलेला. वहिनीला म्हणाल्या, आता दिराचे हात चोळा. वहिनीनं रागारागानं चोळले. आकडा सरसर चढला.

"गार बोटात रक्त नीट पोचत नाही, म्हणून यंत्र फसतं," बाई म्हणाल्या. "ज्याचा श्वास खरंच खालावलाय, त्याचा आकडा हात शेकून चढत नाही."

वहिनी माझ्या हातांकडे बघत राहिली. "मग ज्यांचा चढत नाही, त्यांना कुठे पाठवतात?"

उत्तर व्हरांड्यातून आलं. तेच आजोबा स्ट्रेचरवर होते, ओठ निळसर पडलेले. बाई तिकडे धावल्या.

वहिनीनं रुग्णवाहिका परत पाठवली. दुसऱ्या दिवशी मला दादाजवळ बसवून ती थर्मास आणि ऑक्सिमीटर घेऊन महाराजांच्या थंडगार खोलीत शिरली. गार हात झालेल्या प्रत्येकाला तिनं कोमट पाण्यात बोटं बुडवायला दिली. महाराजांनी कुणाचा हात धरायच्या आतच खोलीभर आकडे चढले. सेवक अंगावर आला, तेव्हा एका भाजीवाल्यानं महाराजांची शालच उचलली. मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी होती.

दादा सावरला. आजोबा नाही सावरले. त्यांचं मरण जुन्या रुग्णालयाच्या नावावर लागलं, आणि नव्याचं शून्य तसंच राहिलं.

ज्यांना मुळात धाप लागलेली नाही त्यांनाच आत घ्यायचं, बाकीच्यांना मागचं दार दाखवायचं, एवढाच तो चमत्कार. तेव्हा बाबांनो, संकटात कुठलं रुग्णालय तगून उभं आहे हे पारखायचं असेल, तर तिथे किती मेले एवढंच विचारून थांबू नका. दारातून कुणाला परत पाठवलं, तेही विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो दुकानदार.