सामाईक सूचना

पडद्यावर पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका उघडली आणि वर्गात खसखस पिकली. धोक्याच्या सूचनेच्या चौकटीत लिहिलं होतं, 'हुमा मॅडमची कटकट सुरू असताना जवळ जाऊ नये.'

हुमाची कानशिलं तापली. मागच्या बाकावर कुडाळच्या एमआयडीसीतल्या पंप कारखान्याचे दोन साहेब बसले होते. मुलांचं काम त्यांना पटलं तरच पुस्तिका-लेखनाचा हा अभ्यासक्रम पुढे चालणार होता, नाहीतर हुमाची नोकरी गेलीच.

हे दिवे वर्गातल्या ओमकारचेच. वर्षभर दोघांचा छत्तीसचा आकडा. पुस्तिका तुकड्यातुकड्यांत लिहायची; जी सूचना सगळ्याच पंपांना लागू, ती सामाईक सूचना म्हणून एकाच जागी लिहून ठेवायची आणि प्रत्येक पुस्तिकेने ती तिथूनच उचलायची, हे ती कानीकपाळी ओरडून सांगत होती.

"सगळा एकाच फायलीत लिवला तर काय बिघडता? ह्ये तुकडे कित्याक?" तो उलट विचारायचा आणि बाकीचे दात काढायचे. मालवणहून एसटीने धक्के खात तिने यायचं ते हे ऐकायला.

"दुसरी उघडा बघू," एक साहेब म्हणाले.

दुसऱ्या पंपाच्या पुस्तिकेतही तेच वाक्य. तिसऱ्या पंपाच्याही. आता कोणी हसेना. ओमकारचा चेहरा पांढराफटक पडला.

विभागप्रमुख देवेश सर उठले. "मॅडम, साधा वर्ग सांभाळता येत नाही तुम्हाला. हा अभ्यासक्रम आता पुरे." पाहुण्यांना घेऊन ते चहाला गेले. तोंड उघडलं असतं तर हुमाला रडूच फुटलं असतं, आणि या पोरांसमोर तिला रडायचं नव्हतं.

वर्ग पांगला. ओमकार तेवढा टेबलापाशी आला.

"मॅडम, माका वाटला, माझ्याच पुस्तिकेत येतला. सगळ्यांत येतला ह्या ठावक नाय होता."

"ह्याच शिकवत होतंय ना रे तुका?" वर्गात ती कधी मालवणी बोलत नसे. "आता शिकलास. माझी नोकरी घालवून शिकलास."

"मॅडम, माफी..."

"नको तुझी माफी."

सामाईक सूचनेची फाईल उघडून तिने टाइप केलं, 'पंप सुरू असताना जवळ जाऊ नये.' मग खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"बस. एकेक पुस्तिका उघड आणि मोठ्याने वाच. एक जरी सोडलीस तर बघ."

तिने डबा पिशवीत टाकला. जिना उतरताना मागून ओमकारचा आवाज आला, "पंप सुरू असताना जवळ जाऊ नये." जरा थांबून पुन्हा तेच. मग पुन्हा. आवाज दर खेपेला थोडा बारीक होत होता, पण प्रत्येक पुस्तिकेत वाक्य तिचंच होतं, आणि ते कुठेही चुकत नव्हतं.