मुठीतला स्क्रू

तेजस्वी दुसऱ्यांदा पडली तेव्हा बनूबाईंनी नातीचा गुडघा नंतर पाहिला, आधी हात पाहिला. गुडघा सोलला होता, तो आज ना उद्या भरून आला असता. पण उजव्या हाताची मूठ वळलेली होती आणि पोरीला ती उघडता येत नव्हती. असला हात बनूबाईंच्या ओळखीचा होता.

पालेगावच्या मागे टॉवर बांधायला जमीन सपाट करून ठेवली आहे. रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. सुयोग लेकीला गाडी शिकवायला तिथेच आणायचा आणि बनूबाई पाण्याची बाटली घेऊन सोबत यायच्या. गाडी सुयोगचीच, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, चिखलातल्या शर्यतींची. लग्नाआधी त्याने तिच्यावर हाडं मोडून घेतली होती. बारावी झाल्यावर तेजस्वीने आपण होऊन म्हटलं, "पप्पा, मला शिकवा," तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं.

पण त्या गाडीचा स्वभावच खोडील. रेस थोडी पिळली तर नुसती घरघर, आणखी जरा पिळली की एकदम उसळी. पुढचं चाक हवेत आणि पोरगी जमिनीवर. सुयोग लांबून ओरडायचा, "सोड! रेस सोड!" आणि घाबरलेलं माणूस हातातलं सोडतं थोडंच? ते आणखी घट्ट धरतं.

"विकून टाका ती," घरी आल्यावर तेजस्वी म्हणाली. "मला नाही जमणार. फायनल."

"विकतो. एक जण कधीचा मागे लागलाय. पुढच्या रविवारी दुपारी बोलावतो."

बापलेक एकमेकांकडे न बघता जेवले.

गाडी गेली असती तर बनूबाईंना काही वाटलं नसतं. पण पोरगी ही भीती घेऊन उठतेय, हे त्यांना बघवेना. उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात नव्या मुलींना मशीन शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. त्या मशीनचीही हीच तऱ्हा. पायाखालची पट्टी जरा दाबली तर ढिम्म, जरा जास्त दाबली की कापड खेचून नेणार, मागोमाग बोट. जना नावाची एक हसरी पोर पहिल्याच दिवशी सुईखाली बोट देऊन बसली. जखम भरली, पण जना पुन्हा कुठल्याच मशीनवर बसली नाही. कोपऱ्यात बसून धागे कापत राहिली. तेव्हापासून बनूबाई नव्या मुलीच्या पट्टीखाली जीन्सच्या चिंध्यांच्या घड्या ठेवायच्या, म्हणजे पट्टी अर्धीच दबायची. हात बसला की एक घडी काढायची, मग दुसरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुयोग गिऱ्हाइकासाठी गाडी पुसत बसला होता.

"काय रे, ही रेसची मूठ अर्धीच फिरेल असं नाही करता येत?"

"आई, ही काय जीन्स शिवायची मशीन आहे?"

"मशीनच ना? तिथे पाय, इथे हात. दिवसभर लेथवर लोखंड सोलतोस, आणि एक अडसर नाही बसवता येत?"

सुयोग हसला. हसता हसता थांबला आणि मुठीकडे बघत राहिला. "येतो की. आतून स्क्रू आडवा घातला तर... पण मग मजा काय राहिली? पिकअपच मेला."

"मजा तुझी. पडते ती."

आठवडाभर सुयोग कंपनीतून उशिरा आला. मुठीत स्क्रू बसवला. शिवाय इंजिनाच्या फिरत्या चाकावर बसेल असं जाड लोखंडी कडं कातून आणलं. त्या वजनाने इंजिन एकदम उसळत नाही, दमादमाने चढतं.

"तिला सांगू नकोस," तो आईला म्हणाला. "आपल्याला जमतंय असं वाटू दे तिला. मी गुपचूप स्क्रू थोडा थोडा ढिला करत जाईन."

"मुळीच नाही," बनूबाई एकदम म्हणाल्या. "एक दिवस तू जास्त ढिला करशील, गाडी उसळेल, आणि मग तिचा तुझ्यावरचा विश्वास जाईल. माझ्या मुली घडी आपल्या हाताने काढायच्या. 'बाई, आज काढते' असं त्यांनीच म्हणायचं."

"आणि नाहीच म्हटलं तर?"

"एकीने दिवाळीपर्यंत नाही म्हटलं. काय बिघडलं?"

रविवारी तेजस्वी निघायलाच तयार नव्हती. "दुपारी जाणारच आहे ना ती, मग कशाला?" शेवटी आजी पाण्याची बाटली घेऊन दारात उभीच राहिली म्हणून आली आणि मैदानात लांब उभी राहिली.

सुयोगने तिला जवळ बोलावलं. "हा स्क्रू बघ. आत घातला की मूठ कमी फिरते, बाहेर काढला की जास्त. मी हात लावणार नाही." आणि त्याने डिसमिस तिच्या हातात दिला.

तिने स्क्रूकडे पाहिलं, मग बापाकडे. "म्हणजे किती ते मी ठरवणार?"

"तूच."

"आणि तुम्ही ओरडणार नाही?"

"आईशप्पथ नाही," सुयोग हळूच म्हणाला.

"माझी कशाला शप्पथ घेतोस रे मेल्या?" बनूबाई म्हणाल्या. तेजस्वीला हसू आलं.

ती उकिडवी बसली. मूठ फिरवून पाहिली, आणि स्क्रू सैल करायच्या ऐवजी आणखी आवळला. आणखी थोडा. सुयोगने तोंड उघडलं, "अगं, एवढा आवळलास तर ती चालणार..." बनूबाईंनी त्याचा दंड धरला.

गाडीने निळा धूर सोडला आणि निघाली. चालत्या बैलगाडीने मागे टाकावं इतकी हळू. सुयोग शेजारून चालू लागला. एक हात सीटच्या मागे, न टेकवता. इंजिनाच्या आवाजात तो काय बोलत होता ते बनूबाईंना ऐकू येईना, पण लेक मान हलवत होती. मैदानाच्या कडेने पहिली फेरी झाली, मग दुसरी. पुढे तिने मूठ स्क्रूला टेकेपर्यंत पिळली, गाडी थोडी वेगात आली, आणि सुयोगला तिच्याबरोबर धावावं लागलं. पोट सांभाळत तो धावत होता. शेवटी मातीच्या ढिगाशी तो थांबला आणि ती एकटीच पुढे वळून आली.

"पप्पा," इंजिन बंद करून ती म्हणाली, "त्या माणसाला सांगा ना, येऊ नको म्हणून."

सुयोग गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी पाणी दे."