टाकीतली आत्या

जुनी पाण्याची टाकी सुताराने विकत घेतली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यातच काढलं. दोन वर्षं खपून त्याने गोल भिंतीत खिडक्या कापल्या, खांबांभोवती जिना फिरवला आणि पूर्वी जिथे पाणी भरायचं तिथे तो बायकोसह राहायला गेला. घर झकास झालं. फक्त कपाट काही भिंतीला नीट टेकेना, म्हणून सगळं सामान मधोमध आणि भिंत मोकळी.

मग आत्या आली. सुताराची आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. कुठेही गेली की तिला आधी चूक दिसायची. एक्याऐंशी पायऱ्या चढून धापा टाकत ती म्हणाली, "टाकीत राहायला तुम्ही काय मासे आहात?"

दुपारी ती भिंतीकडे तोंड करून फोनवर लेकीशी कुजबुजू लागली. पार समोरच्या टोकाला सुताराची बायको भाजी चिरत होती. तिच्या कानाशीच आवाज आला, "चहा म्हणजे नुसतं गरम पाणी गं! आणि उशी? तिच्यापेक्षा दगड बरा."

बायको दचकली. मग उलगडा झाला. भिंतीवरून सरकत सरकत कुजबुज थेट ओट्यापाशी पोचत होती. तिने नवऱ्याला खुणेनं बोलावलं. दोघांनी भिंतीला कान लावले आणि पोट धरून हसले.

पाच मिनिटांत आत्यापुढे कडक चहा आणि मऊ उशी हजर.

"अगं, मी तर काही बोलले नाही!"

"चेहऱ्यावरून कळतं हो, आत्या," बायको साळसूदपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुजबुज आली, "ही मनातलं ओळखते गं. मला तर भीतीच वाटते." इकडे दोघांना हसू आवरेना.

तिसऱ्या दिवसापासून मात्र सूर बदलला. "भाचेसून गुणाची आहे हो. तिने गुडघ्यांना तेल चोळलं तर किती बरं वाटेल!" बायको विरघळली; तेल चोळलं. मग संध्याकाळी गोड हवं झालं, टीव्ही खाटेकडे वळवून हवा झाला. दोघं नुसती पळत होती.

पाचव्या दिवशी कुजबुज चालू असताना सुताराची नजर टेबलावर गेली. आत्याचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता.

"आत्या, फोन तर इथे आहे. तू बोलतेस कुणाशी?"

आत्या सावकाश वळली. "भिंतीशी. 'म्हातारी घाबरली' म्हणून त्या दिवशी ओट्यापाशी खिदळत होतात ना? इकडेही छान ऐकू येतं. शेवटच्या बाकावरच्या कुजबुजीत जन्म गेला माझा."

बायकोचे कान लालबुंद झाले. सुतार खाली बघत राहिला. शेवटी आत्यालाच हसू फुटलं, मग तिघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"खालची पंपाची खोली रिकामीच आहे ना?" आत्याने विचारलं. "मला जमेल तिथे राहायला."

महिन्याभरात सुताराने ती खोली राहण्याजोगी केली. आत्या सामानासकट आली आणि त्याच दिवशी दारावर पाटी लावली : 'आधी दार वाजवा.'