न विचारलेला प्रश्न

मी खुर्ची बोलतेय. बाभळीच्या लाकडाची, वेताच्या विणीची, पाठ मागं कलणारी. माझ्यात बसलं की लोक डोळे मिटतात. म्हणून मी झोपाळू असेन असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. समोरच्याचे डोळे मिटलेले असताना जागं राहणं, हेच तर माझं काम.

माझा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला, उदगीरचा. शंकरप्पा सुतारांकडं औतासाठी आणलेलं लाकूड पडून होतं. पेरणीच नाही तर औत कोण करून घेणार? पण रिकामे हात शंकरप्पांना सोसेनात. त्यांनी त्याच लाकडातून मला घडवलं. गावात नुकतेच आलेले डॉक्टर रेणुकादास मला घेऊन गेले.

रेणुकादास डॉक्टरकीबरोबर संमोहनाची विद्या रीतसर शिकून आले होते. लोक तिला मोहिनी म्हणत, कुणी कुणी भानामतीही म्हणत. तरुणपणी डॉक्टरांनाही त्या विद्येची थोडी मस्ती होती. एका गणेशोत्सवात त्यांनी मला मांडवात नेलं, उद्धव नावाच्या मास्तरांना माझ्यात बसवलं आणि सफरचंद म्हणून कच्चा कांदा खायला लावला. मांडव हसून हसून लोळला. मास्तर भानावर आले तेव्हा त्यांच्याच वर्गातली पोरं त्यांच्याकडं बोट दाखवून हसत होती. मास्तरांनी तोंड पुसलं आणि मागच्या बाजूनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले, आणि कितीतरी वेळ माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. त्यानंतर मी कधी मांडव पाहिला नाही.

ब्याऐंशी साली लातूरचा वेगळा जिल्हा झाला. डॉक्टरांनी तिथं दवाखाना थाटला आणि मी तुरीच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून लातुरात दाखल झाले. काय ती धांदल! नव्या पाट्या, नवी टेबलं, जिकडंतिकडं टाईपरायटरचा कडकडाट. फक्त पाऊस तेवढा नव्या जिल्ह्याला ओळख दाखवेना. वर्षा-दोन वर्षांत विहिरी पुन्हा तळाला गेल्या आणि वस्त्यांवर टँकर सुरू झाले.

त्याच उन्हाळ्यात पंचफुला आली. एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलेली, विशीतली मुलगी. बरोबर वडील होते, ग्यानोबा. बाहत्तर साली खडी फोडून त्यांनी लेकीची शाळा सुटू दिली नव्हती. आख्ख्या बौद्धवाड्यात सरकारी नोकरी लागलेली ती पहिली मुलगी. पण महिन्याभरापासून मशीनसमोर बसलं की तिचा उजवा हात लाकडासारखा ताठ व्हायचा. तीन महिन्यांनी टायपिंगची परीक्षा होती. त्यात नापास झाली तर नोकरी जाणार होती.

"घरी भाकरी थापते तवा हात बरा चालतोय," ग्यानोबा म्हणाले. "कचेरीत गेलं की अडतोय. लई जणांनी लई सांगितलं. कुणी म्हणतंय करणी हाय."

डॉक्टरांनी तिला लगेच माझ्यात बसवलं नाही. आधी मोठ्या दवाखान्यात पाठवून नसा तपासून घेतल्या. त्यात दोष नाही म्हटल्यावर मगच मला पुढं ओढलं, आणि तिला म्हणाले, "पंचफुलाबाई, तुम्ही झोपणार नाही. सगळं ऐकू येईल. मनात नसलेलं काही बोलायची गरज नाही. सुमनबाई इथंच बसतील, दार उघडं राहील. नको वाटलं की बोट उचला, मी तिथंच थांबेन."

सुमनबाई म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. पण पंचफुला डॉक्टरांकडं बघत राहिली. कचेरीत तिला 'पंचफुलाबाई' असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

दोन खेपा झाल्या. ती डोळे मिटायची, श्वास संथ व्हायचा, आणि मनानं ती खडीच्या कामावरच्या झाडाखाली आई सरजाबाईच्या मांडीवर जाऊन निजायची. तिथं हात सैल पडायचा. माझ्या हातावर तिची बोटं हळूहळू उलगडताना मला कळायची.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी तिच्या कचेरीतले हेडक्लार्क रामकिशन आले. त्यांनी आधी घाम पुसला, मग कारण सांगितलं. पंचफुलाच्या वस्तीचा टँकर दुसरीकडंच रिकामा होतो, असा टाईप केलेला एक निनावी अर्ज वरपर्यंत गेला होता. कचेरीतल्या साहेबांचा संशय पंचफुलावर होता. तेव्हापासून ते रोज तिच्या पाठीमागं येऊन उभे राहत.

"उद्या ती गुंगीत असताना एवढंच विचारा," रामकिशन म्हणाले. "अर्ज तू टाईप केलास का? एक शब्द पुरे. साहेब मला खाऊन राहिलेत हो. आणि नव्या सरकारी दवाखान्यात तुमची नेमणूक व्हायचीय, तिथंही साहेबांचा शब्द चालतो."

ती नेमणूक डॉक्टरांना हवी होती. रात्रंदिवस तेच बोलायचे. म्हणून मी श्वास रोखून धरला, खुर्चीला जमेल तितका.

डॉक्टरांनी रामकिशनना पाणी दिलं. मग सावकाश समजावलं की गुंगीत निघालेला शब्द खराच असतो असं मुळीच नाही, माणूस समोरच्याला हवं तेही बोलून जातो. "आणि तो खरा असता तरी मी विचारलं नसतं," ते म्हणाले. "ती माझ्याकडं हात घेऊन आलीय. बाकीचं तिचं आहे."

रामकिशन उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "माझी लेक आजारी पडली तर तुमच्याकडंच आणीन." त्यांनी साहेबांना काय सांगितलं कोण जाणे. नेमणूक मात्र दुसऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच सांगितलं, की कोण आलं होतं, काय मागितलं आणि आपण काय उत्तर दिलं. "हे ऐकून इथं बसावंसं वाटत नसेल तर बसू नका. दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"मग जागेपणी विचारा की, डॉक्टरसाहेब. मी सांगते."

"नको," डॉक्टर म्हणाले. "माझ्या औषधाला ते लागत नाही."

पंचफुला खळखळून हसली. सुमनबाईही हसल्या. आणि ती स्वतःहून माझ्यात येऊन बसली, अशी ऐसपैस की माझा वेत कुरकुरला. त्या दिवशी तिचा हात नुसता सैल झाला नाही; डोळे मिटलेले असताना तिची बोटं माझ्या बाभळीवर टाईप करायला लागली. टक टक टक. सुखानं माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या सोमवारी कचेरीत काय झालं ते तिनंच येऊन सांगितलं. साहेब मागं उभे होते. तिनं मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि टँकरचा नवा अर्ज टाईप केला. खाली स्वतःचं नाव घातलं, सही केली, संध्याकाळी वस्तीतल्या बायकांचे अंगठे घेतले आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर आवक नोंदवायच्या टेबलावर दिला. हात कुठंच अडला नाही. नावानिशी आलेला अर्ज दाबता येईना. आठवड्यात टँकर बौद्धवाड्यात आला. ती परीक्षाही पास झाली.

तो पहिला निनावी अर्ज कुणाचा होता? मला आजही ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसल्याचा मला फार अभिमान वाटतो.

निकालानंतर ग्यानोबा आले ते काखेत जिवंत कोंबडा घेऊन. डॉक्टर पडले शाकाहारी, आणि त्यातून पेशंटची भेट न घेणारे. दोघं नम्रपणे एकमेकांना नको-घ्या करत असताना कोंबडा सुटला, माझ्या पाठीवर चढला आणि भर दुपारी आरवला. दवाखाना हसून बेजार. कोंबडा परत गेला. पण ग्यानोबांनी सरजाबाईंच्या हातच्या धपाट्यांचं फडकं सोडल्यावर डॉक्टरांचा हात सुमनबाईंच्याही आधी पुढं गेला.

आता डॉक्टर थकले. मी त्यांच्या विद्यार्थिनीकडं, डॉ. सौदामिनींकडं असते. वेत तीनदा नवा विणून झालाय. बाहेर डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या क्लासेसची गर्दी असते, आणि आईबाप मुलांना धरून आणतात. "मॅडम, हिच्या मनात भरून द्या, डॉक्टरच व्हायचं म्हणून." सौदामिनी आईबापांना चहा सांगतात आणि मुलीला विचारतात, "तुला काय त्रास होतोय गं?" पुष्कळदा डोळे मिटायच्या आधीच ती मुलगी मोकळी होते.

तर मंडळी, कधी माझ्यासारखीत बसायची वेळ आलीच, तर खुशाल या. आधी सगळं विचारून घ्या. पटलं तर डोळे मिटा. नाही पटलं तर उठून चालू लागा. मला हात आहेत खरे, पण ते टेकायला. धरून ठेवायला नाहीत.